चैत्रातली उजनी

चैत्र लागला की उजनीच्या काठावरची माणसं विरळ होतात. त्याआधी थंडीभर पुणे–सोलापूर रस्त्यावरून गाड्या भिगवणला वळत राहतात. कुंभारगाव, डिकसळच्या होड्यांना शनिवार-रविवारी उसंत नसते. रोहित पाहायचे, कुरवांना शेव-फरसाण उधळायचं, फोटो काढायचे, दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी खायची आणि दिवेलागणीला पुणं गाठायचं, असा तो क्रम. मग ऊन चढतं, मुलांच्या परीक्षा येतात, वर्दळ थांबते. आणि नेमकी तेव्हाच या पाण्याकाठी वर्षातली सगळ्यात मोठी घडामोड सुरू होते. निम्मे पक्षी निघण्याच्या तयारीला लागतात, निम्मे अंडी घालायला बसतात.

ही घडामोड समजायची तर आधी पाणी समजून घ्यायला हवं. भीमेवर उजनीला बांधलेलं धरण 1980 साली पुरं झालं. त्याचा फुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. कागदोपत्री जलाशयाचं नाव यशवंतसागर. बोलताना सगळे उजनीच म्हणतात. पूर्ण भरलं तर त्यात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक मृतसाठ्यात मोडतं. श्रावण-भाद्रपदात वरच्या धरणांचं पाणी येऊन जलाशय तुडुंब होतो. पुढे कालव्यांची आवर्तनं सुटतात, नदीतून सोलापूरसाठी पाणी सोडलं जातं, ऊन आपला वाटा उचलतं आणि पातळी उतरू लागते. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यापर्यंत उतरलं की वर्तमानपत्रांत 'उजनी मायनसमध्ये' असे मथळे येतात. उसाच्या आणि केळीच्या बागा ज्यांच्या या पाण्यावर आहेत, त्यांची झोप उडवणारी ती बातमी असते.

भिगवणच्या अंगाला जमीन फार सपाट आहे. पातळी हातभर उतरली तरी काठ कितीतरी लांब सरकतो. काल जिथं होडी तरंगत होती तिथं आज गाळ असतो आणि आठवड्याभरात त्या गाळाला भेगा पडून, तव्यावरची भाकरी कडेनं सुटावी तसे त्याचे ढलपे वर उठतात. मागे हटणाऱ्या पाण्याच्या मागोमाग अशी एक नवी जमीन दररोज जन्माला येते. तिच्यावर कुणाचं पाऊल उमटलेलं नसतं. ओल्या पट्ट्यात किडे, अळ्या, गोगलगायी, पाणवनस्पतींची मुळं उघडी पडलेली असतात. त्याच्या वरच्या अंगाला, जरा वाळलेल्या भागात, गाळपेर करणारे लोक कलिंगडं आणि जनावरांचा चारा लावतात. पाणी, चिखल, ढलप्यांची जमीन, गाळपेर, त्यापलीकडे वेड्या बाभळी आणि माळ. दोन-चारशे पावलांत एवढे पट्टे एकामागून एक येतात आणि प्रत्येक पट्ट्याचे रहिवासी वेगळे.

पाडवा नुकताच झाला होता. लिंबाच्या मोहोराचा कडसर-गोड वास अजून गावाच्या अंगणांत होता. पहाटे होडीत बसलो तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ होती. होडी चालवणारे मामा इथलेच, मासेमारी करणारे. थंडीत पाहुण्यांना फिरवतात, एरवी जाळी टाकतात. त्यांनी इंजिन लावलं नाही, बांबू घेतला. "मशीन लावलं तर समदं उठतंय," एवढंच म्हणाले. बांबू गाळात रुतायचा, हलकीशी ओढ घेऊन सुटायचा, आणि होडी पुढे जायची. पाण्याला वास होता. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुण्या-पिंपरीचं सांडपाणी घेऊन शेवटी भीमेतून इथंच येतात. जलपर्णी त्यावरच पोसते, आणि गाळातली कित्येक किडूकमिडूक जीवसृष्टीही. या तीर्थाला शहराचा मळ लागलेला आहे. तरीही त्या पहाटे त्याला तीर्थ म्हणताना जीभ अडली नाही.

आधी आवाज आले. पाण्यावरून येणारा आवाज किती दूरचा आहे हे अंधारात कळत नाही. शेकाट्यांची किरकिर, वारकरी पक्ष्यांची मधूनच उठणारी टकटक, आणि त्या सगळ्यांच्या वरून नाकातून निघालेला एक घोगरा, लयबद्ध हुंकार. मामांनी बांबू आडवा धरला. "राजहंस. आता ऱ्हात न्हाईत हे. गेलेच समजा."

पुस्तकातलं त्यांचं नाव पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, मानेवरून उतरणारी पांढरी रेघ, अंग फिकं राखाडी. उजेड वाढला तसे ते दिसू लागले. चिखलाच्या एका जिभेवर उभे होते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. कुणी चरत नव्हतं. एखादा मान ताणायचा, दोनदा डोकं झटकायचा, मग शेजारचा तसंच करायचा आणि ती हालचाल थव्यातून पुढे सरकत जायची. बदकांच्या आणि हंसांच्या कुळात उडण्याआधी ही अशी संमती घेतली जाते. सगळ्यांची मान हलेपर्यंत कुणी निघत नाही.

त्यांना जायचं आहे ते तिबेट-मंगोलियाकडच्या उंच सरोवरांवर. मंगोलियात ज्यांच्या गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातले गेले असे पट्टकादंब दक्षिण भारतातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. मध्ये हिमालय आहे. अंगावर यंत्रं बसवून त्यांच्या उड्डाणाचा माग काढला गेला, तेव्हा 7000 मीटरच्या वरची नोंद मिळाली. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की तिथं आपल्याला चालतानाही दम लागेल. हा पक्षी तिथं पंख मारत असतो. त्याचं रक्त प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवतं, फुप्फुसं मोठी असतात. पण नुसत्या ताकदीवर तो डोंगर ओलांडत नाही. शक्यतो रात्री आणि पहाटे उडतो, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना आधार देते. उंच चढून तिथंच राहण्याऐवजी डोंगराच्या चढउतारांबरोबर वर-खाली होत जातो. एवढं मोठं धाडस इतक्या काटकसरीनं केलं जातं.

थव्याच्या कडेचा एक पक्षी चार पावलं धावला. मग सगळा थवा पाण्यावरून उचलला गेला, आमच्या डोक्यावरून एक वळसा घेतला आणि रांगा जुळवत उत्तरेकडे निघाला. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मी दुर्बीण डोळ्याला लावलीच नाही. इतकं मोठं काही जात असताना ते लहानशा गोल चौकटीत पाहावंसं वाटेना.

उजाडलं तशी बाकीची लगबग दिसू लागली. चैत्रातल्या स्थलांतरित पक्ष्यांना थंडीत पाहिलेल्या ओळखीवर ओळखता येत नाही. पौषात मळकट दिसणारा पिवळा धोबी आता हळदीचा झालेला असतो. गॉडविटांच्या राखाडी छातीवर विटेचा रंग चढायला लागलेला असतो. ज्या मुलखात वीण करायची तिथं नेण्यासाठी ही वस्त्रं इथंच, आपल्या गाळात उभं राहून विणली जातात. आणि खाणं! छोटा टिलवा हा वीस-तीस ग्रॅम वजनाचा पक्षी. चिमणीएवढाही भरत नाही. पाण्याच्या कडेकडेनं तो धावतो, टोचतो, धावतो; क्षणभर थांबत नाही. दिवस मोठा होऊ लागल्याची खबर त्याच्या मेंदूला मिळालेली असते. त्या खबरीवर शरीरातल्या ग्रंथी जाग्या होतात, भूक वाढते, कातडीखाली चरबीचा थर साठतो. तीच त्याची शिदोरी. इथून तो निघेल तो सैबेरियाच्या उत्तर टोकाला, जिथं झाडं उगवत नाहीत आणि उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तिथं जाऊन अंडी घालील. इंदापूर तालुक्यातल्या चिखलातली एक अळी अशा रीतीनं आर्क्टिकच्या एका पिल्लात पोहोचते.

रोहित मात्र घाईत नव्हते. गुडघाभर पाण्यात त्यांची लांब ओळ उभी होती, माना खाली, चोच उलटी. जीभ आतबाहेर करून पाणी आत घ्यायचं, चोचीतल्या दातऱ्यांमधून गाळून बाहेर टाकायचं, आणि आत राहील ते गिळायचं. त्या सूक्ष्म खाद्यातूनच पंखांचा गुलाबी रंग येतो. म्हणून पिल्लं मळकट तपकिरी असतात आणि रंगात यायला त्यांना वर्षं लागतात. कच्छच्या रणात पाणी साचेल तेव्हा हे तिकडे वीण करतील, तोवर उजनी त्यांना सोडवत नाही. उन्हाळा चढेल तसं पाणी आणखी उथळ होईल, तसं खाद्य आणखी दाट होईल. बाकी सारे ज्या उतरत्या पाण्याची धास्ती घेतात, त्याचीच रोहित वाट पाहतात.

सूर्य वर आल्यावर मामांनी होडी एका लांबट उंचवट्याच्या बाजूनं नेली, पण बरीच दूर राखून. त्याच्या टोकाशी ढलप्यांवर पांढरे-राखाडी ठिपके बसलेले होते. नदी सुरय. काळी टोपी, हळदी चोच, तांबडे पाय, दुभंगलेली लांब शेपूट. हा इथलाच पक्षी, कुठं जात नाही, पण वीण करायची ती मात्र अशा उघड्या, गवत नसलेल्या बेटांवरच. पावसाळ्यात आणि थंडीत ती बेटं पाण्याखाली असतात. फाल्गुन-चैत्रात वर येतात, आणि ज्येष्ठ-आषाढात पुन्हा बुडायची असतात. तेवढ्या अवधीत घरटं, अंडी, पिल्लं आणि पिल्लांचं पहिलं उड्डाण, हे सगळं उरकायचं. घरटं म्हणजे मातीत छातीनं केलेला खळगा. त्यात बहुधा तीन अंडी, आजूबाजूच्या मातीच्याच रंगाची. जगभरच्या पक्ष्यांची यादी करणारे आता नदी सुरयला संकटग्रस्तांत धरतात. नद्यांची वाळू उपसली गेली, पात्रं आटली किंवा अवेळी फुगली, आणि ही बेटंच नाहीशी होत गेली. माणसानं नदी अडवून जे केलं, त्यातून चुकूनमाकून पुन्हा तयार झालेली ही थोडी जागा.

ऊन तापू लागल्यावर त्या वसाहतीत जे चालतं ते पाहावं. अंडी उबवण्याचे दिवस असतात, पण दुपारच्या मातीवर अंडं उबत नाही, शिजतं. थोडा गारवा आतला जीव सोसतो. जादा उष्णता सोसत नाही. म्हणून सुरयची मादी अंड्यांवर टेकत नाही, थोडी उंच उभी राहते आणि सावली धरते. मग नर येतो, ती उठते, पाण्यावर जाते, छाती पाण्यात बुडवते आणि निथळती परत येऊन अंड्यांवर बसते. पाण्याचे थेंब अंड्यांवर, मातीवर ओघळतात. टिटवीही असंच करते. पोटाची पिसं भिजवून आणणं, एवढ्याच साधनावर चाळीसच्या वर जाणाऱ्या पाऱ्याशी झुंज चालते. फेऱ्या चालूच. मामा म्हणाले, "दिसभर पाणी वाहत्यात. मानसाला न्हाई व्हायचं."

त्या उंचवट्याबद्दल त्यांनी आणखी एक सांगितलं. महिन्यापूर्वी ते चारी बाजूंनी बेट होतं. आता मागच्या अंगाला पाणी इतकं कमी झालं होतं की बेट जमिनीला जुळलं होतं. घोट्याएवढ्या चिखलातून कुणीही चालत येऊ शकलं असतं. जे पाणी हटलं म्हणून ही जागा मिळाली, तेच आणखी हटलं की पहारा उठतो.

हे बोलणं चालू असतानाच टिटव्या कडकडल्या.

टिटवी कशालाही ओरडते, म्हणून मी मान वळवली नाही. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हालू नगा. लांडगाय त्यो."

गाळपेरीतल्या कलिंगडाच्या वेलांमधून तो येत होता. पहिल्यांदा कुत्रं वाटावं असाच आकार. पण पाय लांब, छाती अरुंद, आणि शेपूट कुत्र्यासारखी वर वळलेली नाही. मागे सरळ, खाली सोडलेली. चालताना पावलात पाऊल पडत होतं, डोकं खांद्याच्या रेषेत, वर-खाली काहीच होत नव्हतं. रंग वाळलेल्या गवताचा, पाठीवर काळसर केसांची झाक. थंडीचे केस गळायला लागलेले, त्यामुळे बरगड्यांजवळ अंग चट्ट्याचट्ट्याचं दिसत होतं. भव्य असं काही नव्हतं त्याच्यात. मनात भरत गेलं ते त्याचं तिथं असण्याचं ठाम, बिनगाजावाजाचं साहस. उसाच्या ट्रॉल्या, रेल्वे, महामार्ग, कुत्र्यांचे कळप, विजेच्या मोटारी, या सगळ्यांतून वाट काढत तो पाण्यापर्यंत आला होता, तोही उजेडी.

भारतात लांडगे 3000च्या आसपास उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघांपेक्षा ते फारसे कमी-अधिक नाहीत, पण वाघाला जंगल राखून ठेवलेलं असतं. लांडगा राहतो तो माळांवर, आणि माळ म्हणजे सरकारी कागदावर बऱ्याचदा पडीक जमीन. इंदापूर तालुक्यातलंच कडबनवाडीचं गवताळ रान त्याच्या आणि चिंकारांच्या आधारानं लोकांना ठाऊक झालं. थंडीत मादी पिलावते; चैत्रात पिल्लं बिळाबाहेर हुंदडू लागलेली असतात आणि त्यांच्या भुकेपायी आई-बापांना लांबलांब फिरावं लागतं. माळ तापला की पाणी जवळ करावं लागतं. या काठाला तो का आला असेल, याचं उत्तर इतकं घरगुती होतं.

तो पाण्याशी थांबला. पुढचे पाय ओल्यात रुतवून पाणी प्यायला. जिभेचा आवाज आम्हाला ऐकू येत होता एवढी शांतता एकीकडे, आणि डोक्यावर टिटव्यांचा कल्लोळ दुसरीकडे. त्यानं वर पाहिलंही नाही. भरपूर प्यायला. मग मान उचलली, आणि वाऱ्यातून काहीतरी हुंगलं. उंचवट्याकडे वळला.

सुरयांची वसाहत एकदम उठली. पन्नास-साठ पांढरे पंख हवेत, किंकाळ्या, आणि मग एकामागून एक सूर. डोक्याला घासून जाणारे, पाठीवर चोच मारून वर उठणारे, त्याच्या अंगावर शिटणारे. कंठेरी चिखल्या पंख मोडल्याचं सोंग करून त्याच्या नाकासमोरून खुरडत गेला. त्याला त्यानं भाव दिला नाही. लांडगा कान पाडून, डोळे बारीक करून चालत राहिला. एका खळग्याशी थांबला, तोंड खाली घातलं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा खाली. मग एक सुरय त्याच्या डोळ्याजवळ इतक्या वेगानं आली की तो बाजूला उडाला, डोकं झटकलं, शिंकला. तिथून तो मागे फिरला, पळाला नाही. आला तसाच, त्याच सरळ चालीनं, वेलांमधून, वेड्या बाभळींत गेला. जाण्याआधी एकदा थांबला आणि होडीकडे पाहिलं. पिवळसर डोळे. त्या नजरेत ना राग होता, ना कुतूहल. आमची नोंद घेतली गेली होती, एवढंच.

होडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यानं अंडी खाल्ली होती. ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. सकाळभर ज्या पक्ष्यांनी छाती भिजवून आणलेलं पाणी पाहत होतो, त्यांच्यातल्या एक-दोघांचं घर रिकामं झालं होतं. आणि तरी ते पाहणं लाभलं म्हणून हात जोडावेसे वाटत होते. हे दोन्ही एकाच मनात कसं मावतं, असा प्रश्न मला त्या होडीत पडला होता. मामांना पडला नव्हता. त्यांनी बांबू उचलला आणि म्हणाले, "मेंढरंवाले म्हणत्यात, त्याचा वाटा असतोय. इथंबी असल."

धनगरांच्या वाड्यांवर ही भाषा ऐकू येते. कोकरू गेलं की हळहळ होते, शिव्याही दिल्या जातात, पण लांडग्यानं त्याचा वाटा नेला, हे गणित मोडत नाही. वाटा मान्य करणं म्हणजे हानी सोसण्याची मर्यादा आधीच ठरवून ठेवणं. ज्या समाजानं हजारो वर्षं माळावर लांडग्याबरोबर गुरं-मेंढरं राखली, त्याच्याजवळ भीती आणि आदर यांची अशी एक जुनी जमाखर्चाची वही आहे. आपल्या निसर्गप्रेमात ती नसते. आपल्याला अंडीही वाचायला हवी असतात आणि लांडगाही उपाशी राहायला नको असतो.

सुरया हळूहळू खाली उतरल्या. बहुतेक आपापल्या खळग्यांवर जाऊन बसल्या. दोन पक्षी एका रिकाम्या खळग्याजवळ उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांतला एक पाण्याकडे उडाला, सूर मारला आणि चोचीत चंदेरी मासळी घेऊन आला. दुसऱ्यापुढे धरली. जोडी जमताना नर असाच मासा देतो. हंगाम सुरुवातीचाच असेल तर बुडालेल्या डावानंतर हे पक्षी पुन्हा मांडतात. उन्हाळा अजून पुष्कळ शिल्लक होता.

परतताना ऊन पाठीवर टोचत होतं. पाणकणसांच्या कडेनं होडी जात असताना एक दिवड पाण्यातून वर आली. तोंडात तिच्या डोक्याहून रुंद चिलापी आडवी धरलेली. ती काठाला लागली, मासा तोंडात फिरवून डोक्याकडून सरळ केला आणि जबडा सैल सोडून इंच-इंच आत घेऊ लागली. चिलापी मूळची आफ्रिकेची. माणसानं आणून सोडली आणि तिनं कित्येक स्थानिक माशांची जागा बळकावली. आता दिवडीचंही पोट तिच्यावर आणि मामांच्या जाळ्याचंही. अशी सरमिसळ झालेली ही जागा आहे. धरण माणसाचं, गाळ शहराचा, मासा परदेशी, पक्षी सैबेरियाचे. जुनी गावं उठवून हे पाणी भरलं गेलं. पाणी फारच उतरलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, आणि ज्यांची घरं त्या आसपास होती त्यांची माणसं दर्शनाला जातात. शुद्ध, अस्पर्श असं इथं काहीच नाही. जीव मात्र अशी अट घालत नाही. त्याला ओल, ऊन आणि थोडी मोकळी जागा पुरते.

गावाजवळच्या पांगाऱ्यावर शेवटची लाल फुलं होती, आणि त्यांवर भोरड्यांचा गोंगाट. काळं डोकं, गुलाबी अंग; मध पिऊन चोचीजवळची पिसं परागांनी पिवळी झालेली. याही निघायच्या बेतात. मध्य आशियातल्या गवताळ मुलखात टोळ वाढतील तेव्हा तिथं पोहोचून पिल्लं वाढवायची आणि पावसाळ्यातच परत फिरायचं. तिकडे इंदापुरात, जुन्या तहसील कचेरीच्या चिंचांवर, चित्रबलाकांची वसाहत वसते. माणसं खालून दाखले घेऊन जात असतात आणि वर पिल्लं वाढत असतात. निघणारे आणि राहणारे, दोघांनाही चैत्र एकाच दिवशी हाक देतो.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. चितमपल्ली तर सोलापूरचे, याच भीमेच्या खोऱ्यातले. तो आठवडा पाहुणे येण्याचा असतो. शाळांची पोरं तळ्यांवर जातात, याद्या होतात, भाषणं होतात. चांगलंच आहे ते. पण पाहुण्याची पाठवणी करायची रीतही आपल्याकडे आहे. चैत्रात, पाणी हटत असताना, निघालेल्यांना पाहायला आणि मागे राहून अंडी राखणाऱ्यांना नमस्कार करायला कुणी जात नाही. जाऊ नये असंच कधी वाटतं, कारण गर्दी म्हणजे त्या बेटांवर पावलं. कुत्रं, गुरं, ड्रोन, सेल्फीसाठी उतरलेली चार माणसं. यांच्या पायाखाली मातीच्या रंगाचं अंडं दिसतही नाही. पक्षी उठवून ठेवला तर भर दुपारी अर्ध्या तासात खळग्यातला जीव संपतो. लांडगा एक-दोन घरटी घेऊन गेला. माणसाचा वाटा मात्र कुठं थांबतो, ते माणसालाच ठरवावं लागतं.

म्हणून जायचं तर पहाटे जावं, होडीतून जावं, मशीन बंद ठेवायला सांगावं आणि उघड्या बेटांवर पाय ठेवू नये. काठावर असू आणि टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली, तर पुढे न जाता आल्या पावली परत फिरावं. ती जागा तिची आहे, असं ती सांगत असते. आणि वरच्या धरणांतून पाणी सोडायचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी सुरयांचे हे दोन-अडीच महिने ध्यानात घेतले, तर एखाद्या रात्रीत अख्खी वसाहत बुडायची टळेल. यात कुणाला फार मोठं काही द्यायचं नाही. उजनीचं पाणी दर उन्हाळ्यात मागे सरतं आणि त्याच्या सरण्यानंच एवढ्यांना जागा मिळते. आपणही थोडं मागे सरू शकतो. पाण्याला ते उतारामुळे करावं लागतं. आपल्याला समजून-उमजून करता येतं.